टकळी, किट आणि पडदा : सौंसर-पांढुर्णा पट्ट्यातून पाहिलेला कृतिशील शिक्षणाचा इतिहास

सातपुड्याच्या पठारावरून सिल्लेवानीचा घाट उतरून नागपूरच्या दिशेने निघाले, की छिंदवाड्याचा हिंदी आणि गोंडी बोलणारा डोंगराळ मुलूख मागे पडतो आणि कापूस व संत्री पिकविणारा, घरादारांत मराठी बोलणारा सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा सुरू होतो. देवगडच्या गोंड राजांनंतर हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला, १८५३ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजी अमलाखाली गेला आणि १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात छिंदवाडा जिल्ह्याचा दक्षिण भाग म्हणून मोडू लागला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, पण हा पट्टा मात्र जिल्ह्यासोबत मध्य प्रदेशातच राहिला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला.

शिक्षणाच्या इतिहासात या पट्ट्याचे स्थान त्याच्या भूगोलाने ठरवून दिले आहे. नागपूर-इटारसी हा लोहमार्ग पांढुर्ण्यावरून जातो. याच मार्गाने दक्षिणेकडे नागपूर ओलांडून वर्धा गाठता येते, जिथे १९३७ मध्ये मूलोद्योगाच्या म्हणजे हस्तव्यवसायाच्या आधारे शिकविण्याची योजना आकाराला आली; आणि उत्तरेकडे इटारसी ओलांडून होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) गाठता येते, जिथे १९७२ मध्ये प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मुलाने ऐकून पाठ करण्याऐवजी स्वतः हाताळून, मोजून, चुकून आणि तर्क करून शिकावे, या पद्धतीला शिक्षणशास्त्रात कृतिशील शिक्षण असे म्हणतात. विसाव्या शतकात भारतात या पद्धतीचे जे दोन सर्वांत मोठे प्रयत्न झाले, त्यांच्या मधोमध हा मराठी पट्टा येतो. दोन्ही प्रयत्नांचा पाया एखाद्या साधनावर होता आणि दोन्हींच्या यशापयशाचे मर्म साधनाभोवतीच्या व्यवस्थेत होते. आज शाळाशाळांत पडदे आणि टॅबलेट पोहोचत असताना हा इतिहास तपासणे आवश्यक ठरते, कारण शैक्षणिक तंत्रज्ञानाचा विचार संगणकापासून सुरू करण्याची सवय आपल्याला जडली आहे आणि त्या सवयीमुळे जवळपास शतकभराचा अनुभव हिशेबातून गळतो.

साधनांची ही परंपरा धुळपाटीपासून सुरू होते. इंग्रजी शिक्षणखाते येण्यापूर्वी मराठी मुलखात पंतोजींच्या ज्या गावठी शाळा चालत, त्यांत लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटकरीचा भुगा पसरून त्यावर बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरविली जात. चुकले की हात फिरवून पुसायचे आणि पुन्हा लिहायचे, अशी ही सोय होती. कागद दुर्मीळ आणि महाग असलेल्या काळात या फळीने मुलाला हवे तितक्या वेळा चुकण्याची मुभा दिली, हा तिचा मोठा गुण होय. प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे सरके, मोठी मुले लहानांचा कित्ता तपासत आणि पंतोजी सर्वांवर देखरेख ठेवी. याच गोष्टीने मद्रासेत डॉ. अँड्र्यू बेल यांचे लक्ष वेधले. एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक असताना त्यांनी देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरविताना पाहिली, ती रीत आपल्या शाळेत आणली, तिला मुलांनीच मुलांना शिकविण्याच्या पद्धतीची जोड दिली आणि १७९७ मध्ये लंडनमध्ये त्याविषयीची पुस्तिका प्रसिद्ध केली. इंग्लंडातील गरिबांच्या हजारो शाळा पुढे या पद्धतीवर चालल्या. तरीही गावठी शाळेचा गौरव करताना तिची मर्यादा झाकता येत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे बाजारच्या हिशेबासाठी अत्यंत उपयोगी असले तरी ते परवचा म्हणून घोकले जात. ते तसेच का येतात हा प्रश्न शाळेत विचारला जात नसे, आणि शाळेचे दार ठरावीक जातींच्या मुलांनाच उघडे असे. हात मोकळा होता, प्रश्न मोकळा नव्हता.

१८६२ मध्ये मध्य प्रांतात शिक्षणखाते निघाल्यानंतर धुळपाटीच्या जागी दगडी पाटी, छापील क्रमिक पुस्तक आणि तपासणीस आलेला अधिकारी ही नवी व्यवस्था रुळली. या प्रांतात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांतून प्राथमिक शिक्षण दिले जाई, आणि सौंसरच्या बाजूची भाषा मराठी आहे याविषयी सरकारदरबारी संशय नव्हता. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये निघालेल्या मराठीविषयक सातव्या खंडातही छिंदवाड्याच्या दक्षिण भागातील बोली नागपुरी मराठीत धरलेली आहे. नव्या व्यवस्थेने शाळांची संख्या वाढविली आणि, निदान कागदावर, सर्व जातींना प्रवेश दिला, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण छापील पुस्तक आणि त्यावर बेतलेली परीक्षा यांच्यामुळे संपूर्ण वर्ग एकाच पानावर, एकाच गतीने चालू लागला आणि शिकणे म्हणजे पानावरचे तोंडपाठ करणे हा समज पक्का झाला.

या समजाला पहिला मोठा धक्का वर्ध्याहून बसला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे, मातृभाषेतून आणि एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले शिक्षण असावे असे ठराव केले आणि तपशील ठरविण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल दिला. त्यातील वेळापत्रकात साडेपाच तासांच्या शाळेपैकी तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला दिलेली होती, आणि मातृभाषेला चाळीस मिनिटे. वरवर पाहणाऱ्याला हा कारखान्याचा तक्ता वाटतो. परंतु समितीची कल्पना अशी होती की, गणित, विज्ञान, भूगोल आणि समाजशास्त्र यांचा बराचसा भाग त्या तीन तास वीस मिनिटांतच शिकविला जावा. हस्तव्यवसायातून उद्‌भवणाऱ्या प्रश्नांशी शालेय विषयांची गाठ घालण्याच्या या रीतीला समवाय पद्धती म्हणत.

टकळीवर हे कसे घडे, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. टकळी म्हणजे खाली वजनदार चकती आणि मध्यातून जाणारी बारीक सळई, एवढेच साधन. एका हाताने पेळू वर धरून दुसऱ्या हाताने सळईला पीळ द्यायचा, की कापसाचे तंतू ओढले जाऊन धागा बनतो. पीळ कमी पडला तर धागा तुटतो, जास्त झाला तर त्याला गाठी पडतात. म्हणजे चूक झाल्याचे गुरुजींनी सांगण्याआधी टकळीच सांगते. कातलेले सूत चौकटीवर गुंडाळताना चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी असा हिशेब असे. अर्ध्या तासात किती तार निघाले, कालच्यापेक्षा किती अधिक, वर्गाची सरासरी किती, गुंडी पुरी होण्यास आणखी किती दिवस लागतील, हे प्रश्न मुलापुढे आपसूक उभे राहत आणि त्यांची उत्तरे त्याला खरोखर हवी असत. एका रतलात (पौंडात) जितक्या गुंड्या बसतील तितका सुताचा नंबर, या व्याख्येतून गुणोत्तर आणि व्यस्त प्रमाण ही अवघड कलमे हातात येत, कारण धागा जितका बारीक तितका नंबर मोठा हे मुलाने बोटांनी अनुभवलेले असे. कापसाच्या जमिनीत वाढलेल्या मुलासाठी तर सरकी, पिंजण, पेळू आणि सूत ही साखळी घराच्या अंगणातच सुरू होत असे. सौंसर-पांढुर्ण्याच्या शेतांतून निघणाऱ्या कच्च्या मालाला इतके साजेसे शैक्षणिक साधन त्यानंतर क्वचितच कोणी सुचविले असेल.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने हा विचार लगोलग उचलला. शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. गावकऱ्यांनी दान दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी, असे तिचे सूत्र होते, आणि तिच्या शिक्षकांसाठीचे प्रशिक्षण विद्यालय एप्रिल १९३८ मध्ये वर्ध्यालाच उघडले. सेवाग्राममध्ये हिंदुस्तानी तालीमी संघाने आर्यनायकम दाम्पत्याच्या नेतृत्वाखाली नई तालीमची, म्हणजे याच मूलोद्योगाधारित शिक्षणाची, शाळा उभी केली. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि योजनेचा सरकारी आधार सुटला. स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळा या नावाने ती देशभर पुन्हा राबविली गेली खरी, पण तोवर टकळी आणि पाठ यांची फारकत झाली होती. बहुतेक ठिकाणी सूतकताईचा तास वेगळा आणि गणिताचा तास वेगळा राहिला. शिक्षकाला समवाय साधण्याचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले नाही आणि परीक्षा मात्र जुनीच, पुस्तकी, राहिली. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागावा या गांधीजींच्या अपेक्षेला प्रा. के. टी. शहा यांनी वर्धा परिषदेतच हरकत घेतली होती. ती हरकत रास्त होती, कारण सुताच्या गुंड्या मोजण्याकडे लक्ष गेले की त्या मोजताना मूल काय शिकले याकडे दुर्लक्ष होते. नई तालीमचा पराभव टकळीने केला नाही. तो परीक्षेने आणि प्रशिक्षणाच्या तुटीने केला.

१९५६ मध्ये या पट्ट्याचा वर्ध्याशी असलेला प्रशासकीय धागा तुटला. राज्य पुनर्रचना आयोगाने सीमा ठरविताना साधारणपणे जिल्हा हाच घटक मानला. छिंदवाडा जिल्हा एकंदरीत हिंदी भाषक असल्याने त्याच्या दक्षिणेकडचे मराठी तालुकेही भोपाळच्या राज्यात गेले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५०-अ हे कलम घातले, ज्यानुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावयाचा आहे. सौंसर-पांढुर्ण्यात मराठी शाळा त्यानंतरही चालू राहिल्या, पण आता त्यांचा पाठ्यक्रम भोपाळहून, वृत्तपत्रे नागपूरहून आणि नवे शैक्षणिक विचार कधी एका तर कधी दुसऱ्या दिशेने येऊ लागले. नवा विचार ज्या भाषेत जन्मला त्या भाषेच्या शाळांतच आधी रुजतो, हे लक्षात घेतले तर या मराठी शाळांची पुढील अडचण समजते. राज्य एकीकडचे आणि भाषा दुसरीकडची, अशा स्थितीत दोन्हीकडच्या उत्तम गोष्टी मिळणे शक्य असते, तसे दोन्हीकडून सुटून जाणेही.

होशंगाबादचा कार्यक्रम भोपाळच्या बाजूचा. रेणुजीवशास्त्राचे अभ्यासक आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील पूर्वीचे शास्त्रज्ञ डॉ. अनिल सद्‌गोपाल यांनी बनखेडी भागात सुरू केलेली किशोर भारती, आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी राज्य शासनाची परवानगी घेऊन १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ ग्रामीण माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, विज्ञान प्रयोगातून शिकविण्यास प्रारंभ केला. टाटा संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ सुटीत येऊन गावच्या शिक्षकांबरोबर बसत. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला, १९८२ मध्ये त्याचा विस्तार सांभाळण्यासाठी एकलव्य ही संस्था स्थापन झाली, आणि पुढे तो राज्यातील १५ जिल्ह्यांपर्यंत पोहोचला. विद्यापीठांतील आणि संशोधन संस्थांतील शास्त्रज्ञांनी खेड्यातील सरकारी शाळेच्या सहावीच्या वर्गासाठी इतकी वर्षे सातत्याने काम केल्याचे दुसरे उदाहरण भारतात सहज सापडत नाही.

या कार्यक्रमाचे साधन होते किट. विज्ञान म्हणजे काचेच्या कपाटातील महागडी उपकरणे, हा समज मोडण्यासाठी किटमधील बरीचशी सामग्री बाजारातून आणि कुंपणावरून घेतलेली असे. विच्छेदनासाठी पोलादी सुयांऐवजी बाभळीचे काटे, परीक्षानळीच्या सोबतीला इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, विद्युतमंडलासाठी टॉर्चचे सेल आणि बल्ब, जोडणीसाठी सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ट्यूब. मुले चारचारांच्या टोळ्यांनी प्रयोग करीत, आपली निरीक्षणे वहीत लिहीत आणि मग वर्गात त्यांवर वाद घालीत. ‘बाल वैज्ञानिक’ हे त्यांचे पुस्तक होते. त्यात प्रयोग कसा करायचा आणि नंतर कोणते प्रश्न स्वतःला विचारायचे हे सांगितलेले असे, पण उत्तरे दिलेली नसत. माशीचे जीवनचक्र शिकताना मुले शेण ठेवून त्यातील अंडी, अळी आणि कोष रोज पाहत. संभाव्यता म्हणजे एखादी घटना घडण्याची शक्यता मोजण्याचे गणित शिकताना ती फासे टाकून शेकडो नोंदी करीत. ज्यांची उत्तरे वर्गात मिळत नसत, ते प्रश्न मुले ‘सवालीराम’ या काल्पनिक व्यक्तीला पत्राने कळवीत आणि कार्यक्रमातील मंडळी त्यांना उत्तर पाठवीत. डाकखात्याच्या पोस्टकार्डाचा शिक्षणासाठी इतका नेमका उपयोग फार थोड्यांनी केला असेल.

नई तालीम जिथे अडली, ते अडथळे या कार्यक्रमाने आधीच ओळखले होते. शिक्षकांना लागोपाठ तीन उन्हाळ्यांत सुमारे तीन-तीन आठवड्यांचे प्रशिक्षण दिले जाई आणि त्यात त्यांना मुलांप्रमाणेच स्वतः सर्व प्रयोग करावे लागत. शाळा सुरू असताना दर महिन्याला संगम केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मध्यवर्ती शाळेत, शिक्षकांची बैठक भरे आणि अडलेले प्रयोग तिथे सोडविले जात. सर्वांत मोठा बदल परीक्षेत होता: आठवीच्या बोर्डाच्या परीक्षेत विज्ञानाचा पेपर पुस्तक उघडे ठेवून लिहायचा आणि त्याला प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा जोडलेली. पुस्तक उघडे असेल तर घोकंपट्टी विचारताच येत नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यालाच विचार करावा लागतो. शासकीय व्यवस्थेच्या आत राहून, शासकीय शिक्षकांच्या हातून, शासकीय परीक्षेत हा बदल झाला, आणि म्हणून या कार्यक्रमाचे मोल एखाद्या खासगी प्रयोगशील शाळेच्या कितीतरी पट अधिक आहे.

त्याच काळात आकाशातूनही एक साधन आले. होशंगाबाद कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या काळात शिक्षकांबरोबर काम केलेले टाटा संस्थेचे प्रा. यश पाल १९७३ मध्ये अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक झाले, आणि १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून शैक्षणिक दूरचित्रवाणी दाखविण्याचा प्रयोग त्यांच्या नेतृत्वाखाली झाला. सुमारे तीन मीटर व्यासाच्या, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या अँटेना शाळांवर उभ्या राहिल्या आणि सकाळी मुलांसाठी प्रत्येक भाषेत साडेबावीस मिनिटांचा कार्यक्रम होई. मध्य प्रदेशातील खेडी रायपूरच्या बाजूची निवडली गेल्याने सौंसर-पांढुर्णा त्याबाहेर राहिला. या प्रयोगातील सर्वांत फलदायी भाग शिक्षक प्रशिक्षणाचा ठरला: दूरचित्रवाणीवरील पाठ पाहायचा, लगेच स्वस्त साहित्याने प्रयोग करायचा आणि मग चर्चा करायची, अशा जोडीने सुमारे ५० हजार शिक्षकांचे विज्ञान प्रशिक्षण झाले. पडदा एकटा असताना तो दाखवितो. त्याच्यासमोर बाभळीचा काटा आणि सेल ठेवले की मगच तो शिकवू लागतो. यश पाल यांना ही जाणीव आयुष्यभर होती. दप्तराच्या ओझ्यावरील १९९३ चा अहवाल त्यांच्या समितीचा, आणि ‘मुलाने स्वतः ज्ञान रचावे’ हा ज्ञानरचनावादाचा विचार अधिकृतपणे मांडणाऱ्या २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्षही तेच.

होशंगाबादचा वारसा मराठीत आला तो मात्र पुण्यामार्गे. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेले आणि पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन किशोर भारतीत गेले. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे आगकाड्यांच्या टोकांना जोडून भूमितीचे सांगाडे बनविले. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आकार सोडत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र जरा ढकलताच समभुज चौकोनासारखा तिरका होतो. पूल, छप्पर आणि विजेचे मनोरे त्रिकोणांनी का बांधतात, हे पाचवीच्या मुलाला काही मिनिटांत कळते आणि त्यासाठी लागणारे साहित्य किराणा दुकान व सायकल दुकान यांपलीकडे जात नाही. या सांगाड्यांचे पुस्तक एकलव्यने प्रसिद्ध केले, गुप्ता यांची पुस्तके पुढे मराठीतही आली, आणि २००३ ते २०१४ या काळात पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शेकडो खेळण्यांच्या चित्रफिती अनेक भाषांत तयार करून सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या चित्रफिती पाहून संपत नाहीत. त्या पाहणाऱ्याला उठून काडी शोधायला लावतात, आणि शिक्षणासाठी वापरलेल्या पडद्याची खरी परीक्षा हीच आहे. महाराष्ट्राच्या बाजूला याच वाटेवरचे दुसरे काम होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे. १९७४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या केंद्राने त्याच दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात मराठी शाळांसाठी स्वस्त प्रयोगांचे काम हाती घेतले होते.

जुलै २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने होशंगाबाद कार्यक्रम बंद केला. राज्यभर एकच पाठ्यक्रम असावा, हे कारण पुढे करण्यात आले. किटची भरपाई वेळेवर न होणे, प्रशिक्षित शिक्षकांच्या बदल्या आणि मासिक बैठकांची घटती उपस्थिती या अडचणी होत्या, आणि त्या नाकारण्यात अर्थ नाही. पण तीस वर्षांत घडलेले शिक्षक, परीक्षेची पद्धत आणि पुस्तके एका आदेशाने मोडीत काढण्याचे समर्थन त्या अडचणींनी होत नाही. रोग किटच्या पुरवठ्याचा होता आणि औषध संपूर्ण कार्यक्रमाच्या मृत्यूचे दिले गेले.

गमावलेल्या या व्यवस्थेच्या पार्श्वभूमीवर त्यानंतरच्या दोन दशकांतील साधने भराभर आली. मध्य प्रदेशाच्या राजीव गांधी शिक्षा मिशनने त्याच सुमारास हेडस्टार्ट या नावाने जनशिक्षा केंद्रांत संगणक दिले. २० सप्टेंबर २००४ रोजी शिक्षणासाठीचा एज्युसॅट हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडला गेला आणि २०१० मध्ये त्याची सेवा संपली. ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र शासनाचा दीक्षा हा मंच सुरू झाला आणि पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. महासाथीत शाळा बंद झाल्यावर मध्य प्रदेशाने एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सॲपवरून पाठ पाठविणारा डिजिलेप कार्यक्रम, रेडिओ शाळा आणि जुलैमध्ये ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ हे उपक्रम सुरू केले. ज्या घरी एकच मोबाइल आणि तोही शेतावर जाणाऱ्या बापाच्या खिशात, त्या घरी या पाठांची गाडी संध्याकाळीच पोहोचे, हे सर्वांनीच पाहिले. सीमेपलीकडे महाराष्ट्रात जून २०१५ पासून ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाखाली ज्ञानरचनावादी वर्गांचा प्रसार झाला, साताऱ्याचे कुमठे बीट त्याचे उदाहरण म्हणून गाजले, आणि सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या कामासह एकूण कार्याबद्दल २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. कुमठे बीटमध्ये फरशीवर आखलेले तक्ते, खडे, बिया आणि काड्या यांनी जे साधले, ते महागड्या पडद्यांनी अनेक शाळांत साधले नाही. आणि त्याचे कारण साधनाची किंमत नसून तिथल्या शिक्षकांचे एकमेकांच्या वर्गात जाऊन शिकणे हे होते. संगम केंद्राच्या मासिक बैठकीचीच ही दुसरी आवृत्ती म्हणावी लागेल.

सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी विद्यार्थी मात्र या दोन्ही प्रवाहांच्या मधल्या कोरड्या पट्टीवर राहतो. महाराष्ट्राच्या पुस्तकांवरील मराठी क्यूआर कोड बालभारतीच्या पाठांना बांधलेले आहेत आणि त्याचे पुस्तक मध्य प्रदेशाचे आहे. भोपाळहून येणारे डिजिटल पाठ मुख्यतः हिंदीत आहेत आणि त्याच्या घरची भाषा मराठी आहे. त्याच्या गावापासून नागपूर जवळ आणि भोपाळ दूर, पण शाळेच्या कागदपत्रांत अंतर नेमके उलट. साधन कितीही आधुनिक असले तरी मुलाने ज्या भाषेत प्रश्न विचारायचा ती भाषा त्यात नसेल, तर मूल प्रश्न विचारायचे सोडते आणि पाहत बसते. पडद्यासमोरचा निष्क्रिय श्रोता अशा रीतीने तयार होतो.

हा कोरडेपणा अटळ नाही, आणि नवा जिल्हा ही तो दूर करण्याची चांगली संधी आहे, कारण या दोन मराठी तालुक्यांना प्रथमच स्वतःचे जिल्हा कार्यालय मिळाले आहे. त्यासाठी नव्या यंत्रांची खरेदी पहिल्या क्रमांकावर येत नाही. ‘बाल वैज्ञानिक’मधील प्रयोग या भागातील शिक्षकांनी मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत वर्गात चालतील असे करून घ्यावेत, माशीच्या जीवनचक्राच्या जोडीला कपाशीवरच्या बोंडअळीचे जीवनचक्र घ्यावे, जे या तालुक्यांतील प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी चर्चेचा विषय असते, मुक्तांगणच्या मराठी चित्रफिती शाळेतील पडद्यावर दाखवून त्याच तासाला त्या वस्तू मुलांकडून बनवून घ्याव्यात, आणि दर महिन्याला एका मध्यवर्ती शाळेत शिक्षकांची बैठक व्हावी, जिथे अडलेला प्रयोग सर्वांसमोर करून पाहता येईल. परीक्षेचा प्रश्न राज्याच्या हाती असला तरी शाळेच्या घटक चाचण्या पुस्तक उघडे ठेवून घेण्यास कोणाची मनाई नाही. पांढुर्णा जिल्ह्यातील शिक्षक, पालक आणि शिक्षणखात्याचे अधिकारी यांनी येत्या शैक्षणिक वर्षात निदान दहा शाळांतून एवढे करून पाहावे. वर्ध्याची टकळी आणि होशंगाबादचे किट एकाच लोहमार्गाच्या दोन टोकांना आहेत. त्यांच्या मधले स्थानक पांढुर्णा आहे.